घरची बोली, शाळेची भाषा आणि बाजारची वाणी

(समाजाच्या नागपूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालो आणि पहिली ते चौथीच्या मुलांत आयुष्य घालवून निवृत्त झालो. त्यामुळे सिद्धान्त सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु लहान मूल नवी भाषा कसे शिकते, हे मात्र आम्ही पुष्कळ वर्षे अगदी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच शिदोरीवर आज बोलणार आहोत.

शिक्षणाचा विषय अफाट आहे. त्यांतील एकच प्रश्न आम्ही आज घेतो, कारण समाजातील आईबाप आम्हांस तो वारंवार विचारतात. "गुरुजी, मुलाशी घरी पोवारी बोलावे की बोलू नये? पोवारी बोललो तर त्याची मराठी बिघडेल, आणि मराठीच्या नादी लागलो तर इंग्रजी मागे पडेल. मग काय करावे?" या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. मनुष्याचे डोके म्हणजे जणू एक कणगी आहे. तीत एक धान्य अधिक भरले की दुसऱ्यास जागा उरत नाही, अशी ती समजूत होय. आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे ही समजूत खरी नाही, आणि तिच्यापायी आपण आपल्या हाताने मोठे नुकसान करून घेत आहोत. ते कसे, हे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम आपलीच स्थिती पाहू. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि सिवनी या जिल्ह्यांत आपली मुख्य वस्ती. आपले पूर्वज माळव्याकडून आले आणि रामटेकजवळच्या नगरधनला प्रथम स्थिरावले, अशी आपली परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही तिची नोंद आहे. वाटेत आणि वस्तीत ज्या ज्या लोकांशी संबंध आला, त्यांच्या बोलीचे ठसे आपल्या बोलीवर उमटले. "टुरा घरमा से" असे आपण म्हणतो. मराठी मनुष्य म्हणेल "मुलगा घरात आहे", हिंदी मनुष्य म्हणेल "लड़का घर में है". आपला "मा" दोघांहून वेगळा, "से" ही वेगळा. परंतु "मोला भूक लगी से" यातील "मोला" मराठी "मला" च्या शेजारी जाऊन बसतो आणि "भूक लगी" हिंदीच्या शेजारी.

जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०४ साली छापलेल्या सहाव्या खंडात पोवारीला पूर्व हिंदीच्या दक्षिणेकडील बोलींत स्थान दिले आहे, आणि त्या बोलींना "मोडक्या" या अर्थाचे विशेषण लावले आहे. ग्रियर्सन यांची योग्यता फार थोर. त्यांच्यामुळेच आपल्या बोलीची लेखी नोंद झाली. तथापि "मोडकी" हा शब्द आपल्या मनात कायमचा घर करून बसला, असे आम्हांस वाटते. आपण स्वतःच म्हणू लागलो की, आमची बोली म्हणजे धड हिंदी नाही, धड मराठी नाही, एक खिचडीच ती! परंतु पिढ्यानुपिढ्या जी बोलली जाते, जिच्यात लग्नाची गाणी आहेत, म्हणी आहेत आणि जिच्यात चूक झाली तर चार वर्षांचे पोरही ती दाखविते, ती बोली मोडकी कशी? जिला नियम नाही तिच्यात चूक होऊच शकत नाही.

पुढे १९५६ साल आले. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. त्यापूर्वी मध्यप्रदेश राज्याचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चाले आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. पुनर्रचनेनंतर भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० पासून महाराष्ट्रात आला. बालाघाट आणि सिवनी मध्यप्रदेशातच राहिले. म्हणजे नदीच्या एका तीरावरील भावाची मुले मराठी शाळेत गेली आणि दुसऱ्या तीरावरील भावाची मुले हिंदी शाळेत. आज बालाघाटच्या काकांची लग्नपत्रिका हिंदीत छापली जाते, गोंदियाच्या मामांची मराठीत. आणि लग्नमंडपात ही दोन्ही घरे एकत्र येतात तेव्हा कोणत्या भाषेत बोलतात? पोवारीत. सरकारांनी सीमा आखल्या, पण सोयरिकीची भाषा एकच राहिली. ज्या बोलीला आपण निरुपयोगी म्हणतो, ती दोन राज्यांमधला आपला पूल आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आता एकाहून अधिक भाषा बोलणारा मनुष्य त्या प्रत्यक्षात कशा वापरतो ते पाहू. गोरेगाव किंवा तिरोडा तालुक्यातील आपला एखादा धान पिकविणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. पहाटे तो बायकोशी रोवणीचा विचार करतो तो पोवारीत. बांधीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलतो ते झाडीबोलीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातील मराठीत. धान घेऊन गोंदियाच्या बाजारात गेला की भाव ठरतो हिंदीत. तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी गेला की शक्य तितकी पुस्तकी मराठी तोंडात येते, आवाज थोडा खाली येतो. बँकेत आणि दवाखान्यात "फॉर्म", "खाते", "रिपोर्ट", "शुगर" असे बोलणे चालते. पाच प्रकारची भाषा एका दिवसात! आणि या मनुष्यास जनगणनेचा गणक विचारतो, "तुमची मातृभाषा कोणती?" तो एकच नाव सांगतो, कारण मातृभाषेचा रकाना एकच असतो.

हा शेतकरी कोणत्याही शाळेत या पाचांची निवड करावयास शिकला नाही. समोर कोण आहे, विषय कोणता आहे, आपले काम काय आहे आणि बाजूला कोण ऐकत आहे, या चार गोष्टी तो क्षणात तोलतो आणि भाषा बदलतो. कित्येकदा एकाच वाक्यात बदलतो. पोवारीत चाललेल्या बोलण्यात "सातबारा" आणि "फेरफार" हे शब्द मराठीच राहतात, कारण ती कागदपत्रे मराठी कचेरीची आहेत. बालाघाटच्या बाजूस त्याच बोलीत "पटवारी" आणि "खसरा" येतात, कारण तेथील कचेरी हिंदी आहे. याला भेसळ म्हणावे काय? ज्या दुकानातून वस्तू आणली त्या दुकानाचे नाव तिच्यावर राहिले, इतकेच.

हे आपल्याच मुलखात घडते असेही नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडीफार तेलुगु अशा भाषा पिढ्यानुपिढ्या शेजारी नांदल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तेथील बोलण्याचे निरीक्षण करून १९७१ साली लेख प्रसिद्ध केला. प्रत्येक घराने आपापले शब्द जपले होते, परंतु वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली होती की शब्दामागे शब्द ठेवीत एका भाषेतून दुसरीत जाता येई. घरची भाषा कोणी सोडली नाही, आणि गावगाड्याच्या व्यवहारात मराठी सर्वांना समाईक राहिली. गाव एक राहावा आणि घरेही आपापली राहावीत, ही दोन्ही कामे त्या लोकांनी भाषेकडून एकाच वेळी करून घेतली.

आणि कुपवाडपर्यंत तरी कशाला जावे? आपले हे नागपूर शहरच पाहा ना! "मी जेवण करून राहिलो" असे येथील मराठी मनुष्य म्हणतो, तेव्हा पुण्याच्या पाहुण्यास हसू येते. हिंदीतील "कर रहा हूँ" या रचनेने मराठीत घेतलेले हे रूप आहे, आणि "करतो" व "आत्ता या क्षणी करीत आहे" यांतील भेद ते स्वच्छ दाखविते. उलट बाजूही आहे. पुस्तकी हिंदीत "हम" एकच. मराठीत मात्र "आम्ही" आणि "आपण" हे दोन आहेत. "आम्ही जेवलो" म्हटले तर ऐकणारा उपाशी राहतो. "आपण जेवलो" म्हटले तर तोही पंगतीत येतो! नागपूरच्या बाजारी हिंदीत "अपन चलेंगे" म्हणतात तेव्हा त्यात ऐकणाराही असतो. पुस्तकी हिंदीत जी सोय नाही, ती इथल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहे. व्याकरणकार यास अशुद्ध म्हणोत. आम्हांस तर यात लोकांची हुशारी दिसते.

येथपर्यंत मोठ्या माणसांचे झाले. आता आमच्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे शिकणाऱ्याकडे वळू.

पहिलीतले मूल सांगते, "गुरुजी, मी अभ्यास करला." आपण म्हणतो, चुकला. परंतु क्षणभर विचार करा. हे "करला" त्याने कोणाच्या तोंडून ऐकले? मराठी बोलणारा कोणताही मोठा मनुष्य "करला" म्हणत नाही. मग ते आले कोठून? मुलाने "बसला", "पडला", "हसला" ही रूपे ऐकली, त्यांतून स्वतःच नियम काढला आणि तो "कर" ला लावला. भाषेनेच तेथे वाकडी वाट घेऊन "केला" केले, त्याला मूल काय करणार? ते ऐकलेले नुसते पोपटासारखे म्हणून दाखवीत नाही, त्यामागचा कायदा शोधते, याचा हा पुरावा आहे. अशा मुलाच्या पाठीवर छडी ओढणे म्हणजे विचार केल्याबद्दल शिक्षा करणे होय.

दुसरी चूक पाहा. "माझी पुस्तक हरवली." मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन. ज्या मुलाच्या कानावर हिंदी अधिक पडली आहे, ते मराठीच्या तिसऱ्या घरापुढे अडखळते. त्याने आपल्या जवळच्या भाषेतून उसनवारी केली आणि काम भागविले. उद्या दहा-वीस वेळा "माझे पुस्तक" कानावर पडले की ही उसनवारी ते आपोआप फेडील. आमचा उपाय साधा असे. मूल म्हणाले, "माझी पुस्तक हरवली," की आम्ही विचारीत असू, "तुझे पुस्तक हरवले? कोठे ठेवले होतेस ते?" योग्य रूप मुलाच्या कानी जाई, बोलण्याचा धागा तुटत नसे, आणि चार पोरांसमोर त्याची फजितीही होत नसे. ज्या मुलाला प्रत्येक शब्दाला अडविले जाते, ते चुका करावयाचे थांबते हे खरे. पण ते बोलावयाचेच थांबते म्हणून. गप्प बसलेल्या मुलाची भाषा शुद्ध असते, कारण ती नसतेच!

आता मोठेपणी नवी भाषा शिकणाऱ्यांची गोष्ट. बालाघाटकडील मुलगी आपल्या गोंदियाच्या घरात सून होऊन येते. बारावी-पदवीपर्यंत शिकलेली असते, पण सारे हिंदीत. येथे शिधापत्रिकेचा अर्ज मराठीत, मुलाच्या शाळेची सूचना मराठीत, बचतगटाचा ठराव मराठीत. काल जी हुशार विद्यार्थिनी होती, ती आज कचेरीच्या खिडकीपुढे मुकी होते. घरातील माणसे म्हणतात, "हिला काही येत नाही." हा केवढा अन्याय आहे! तिला येते सर्व; फक्त ते सांगण्याची येथील भाषा येत नाही. अशी मुलगी मराठी कशी शिकते हेही पाहण्यासारखे आहे. ती व्याकरणापासून आरंभ करीत नाही. "साहेब, दाखला केव्हा मिळेल?" हे वाक्य ती अखंड उचलते, त्यातील एकेक शब्द न फोडता. ते चालले की "साहेब, पैसे केव्हा मिळतील?" म्हणून पाहते. येथे "मिळेल" चे "मिळतील" कसे झाले, हे तिच्या ध्यानात येते आणि तेथून पुढे तिची मराठी वाढू लागते. आधी काम, मागून व्याकरण, अशी ही वाट आहे. सासरच्या माणसांनी दोन वर्षे हसू आवरले आणि खिडकीपुढे तिलाच बोलू दिले, तर आणखी काही करावे लागत नाही.

शेजारच्या भाषा शिकताना खाचखळगे मात्र असतात, आणि तेही सांगितले पाहिजेत. जी भाषा फार दूरची, तिच्यात मनुष्य जपून चालतो. जवळच्या भाषेत तो बेसावध राहतो. मराठीत "शिक्षा" म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. आपल्याकडील कोणी प्रथमच पलीकडे जाऊन "शिक्षा विभाग" ही पाटी वाचील, तर तेथे छड्या मारीत असतील अशीच त्याची कल्पना होईल! मराठीत "चेष्टा" म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत "खाली" म्हणजे तळाशी, हिंदीत रिकामे. शब्दांची चूक हसण्यावारी जाते; मानाची चूक जात नाही. मराठीत "तुम्ही" म्हटले की मान राहिला. त्या हिशेबाने आपला मुलगा जबलपूरला किंवा भोपाळला वरिष्ठांस "तुम" म्हणतो, आणि ते त्याला उद्धट समजतात, कारण तेथे मानाचा शब्द "आप" आहे. उलट तिकडचा मनुष्य मराठी मुलाला आईशी "तू" बोलताना ऐकून चकित होतो. नवी भाषा शिकणे म्हणजे शब्दांबरोबर त्या लोकांची रीतभात शिकणे, हे आपल्या नोकरीस जाणाऱ्या तरुणांनी विसरू नये.

येथे कोणी आक्षेप घेईल की, "गुरुजी, हे सारे ठीक, पण दोन-तीन भाषांच्या ओढाताणीत वाढलेल्या मुलास कोणतीच भाषा उत्तम येत नाही." या आक्षेपाला आम्ही आपल्याच विदर्भाचा इतिहास उत्तर म्हणून देतो. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ लीळाचरित्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो सिद्ध केला, तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. त्यात ज्यांच्या लीळा आणि ज्यांचे बोल आहेत, ते श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे! दुसऱ्या मुलखातून आलेल्या त्या पुरुषाने लोकांची मराठी आपली केली, आणि आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रजाने मराठी शिकून ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी नागपुरातून १९०७ साली हिंदी केसरी चालविला आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर नागपूरकरांना सांगावयास नकोच. घर मराठी, थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि १९४८ पासून दहा वर्षे येथेच राहिले, धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहिते राहिले आणि १९७९ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी झाले. एका घरच्या दोन भावांनी दोन भाषा थोर केल्या. घरात दुसरी भाषा असणे हे जर व्यंग असते, तर ही माणसे झालीच नसती.

शासनानेही हे तत्त्व मान्य केलेले आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम आले; भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असे ते सांगते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आधार घ्यावा असे म्हटले आहे. परंतु कागदावरचे तत्त्व आपोआप वर्गात उतरत नाही. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही यावर केवढा वाद माजला, आदेश निघाले आणि मागेही घेतले गेले, हे आपण पाहिले. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. एवढेच विचारावेसे वाटते की, आपल्या गोंदियाच्या पोराची पहिली भाषा कोणती धरली? सर्व हिशेब मराठीला पहिली धरून झाला. आपल्या मुलास मराठी हीच दुसरी आणि बाजारातील हिंदी तिसरी. त्याच्या तीन भाषा शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच झालेल्या असतात. त्याचे हे भांडवल कोणी मोजीत नाही, आणि दुःखाची गोष्ट ही की, आपणही मोजीत नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही एवढा प्रपंच केला, तिच्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेत हिंदीच्या गटात पोवारीची जी नोंद आहे, तीत सुमारे सव्वातीन लाख बोलणारे दाखविले आहेत. प्रत्यक्षात कित्येकांनी आपली भाषा हिंदी किंवा मराठी अशी सांगितली असेल. परंतु आकड्याहून मोठा पुरावा आपल्या डोळ्यांपुढे आहे. नागपुरात आलेल्या आपल्या कुटुंबांत आजीआजोबा आपसांत पोवारी बोलतात. मुलगा आणि सून त्यांच्याशी पोवारीत, एकमेकांशी मराठीत किंवा हिंदीत. आणि नातवंडांशी सारे घर मराठी-इंग्रजीत बोलते. नातवंडांना पोवारी समजते, पण बोलता येत नाही. तीन पिढ्या, आणि तिसरीपाशी बोली थांबली.

म्हणजे स्थिती अशी उलटली आहे की, पूर्वी आपली मुले मराठी ही परकी भाषा म्हणून शिकत. आज नागपुरातील आपली नातवंडे पोवारीच परकी भाषा म्हणून शिकण्याच्या अवस्थेत आहेत. आणि ते शिकू लागले तर आपण काय करतो? शहरातला नातू सुट्टीत गावी जातो, धीर करून आजीला म्हणतो, "मोला भूक लागली से." त्याने मराठीतील "लागली" पोवारीत आणली. वाक्य समजले, भूक कळली, आजीशी नाते जुळले. पण ओसरीवरील चार मंडळी खो खो हसतात, "आला मोठा पोवार!" म्हणून थट्टा करतात, आणि तो पोर पुन्हा जन्मात पोवारीत तोंड उघडीत नाही. शाळेत परक्यांनी आपल्या मुलांच्या मराठीला हसू नये, असे आपण म्हणतो; आणि घरी आपणच आपल्या नातवंडांच्या पोवारीला हसतो. बोली मरते ती इंग्रजी शाळेमुळे, असे आपण व्यासपीठावरून बोलतो. आमच्या मते ती पुष्कळ अंशी ओसरीवरील या हसण्याने मरते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. पहिली, आजीआजोबांनी नातवंडांशी पोवारीतच बोलावे, मग उत्तर मराठीत आले तरी चालेल. कान तयार असला तर जीभ पुढे केव्हाही तयार होते. कानच गेला तर मग काहीच उरत नाही. दुसरी, मुलाने मोडके वाक्य म्हटले तर नीट वाक्यात उत्तर द्यावे, हसू नये; हीच रीत मराठी शिकणाऱ्या सुनेला आणि इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही लावावी. तिसरी, प्राथमिक शाळांतील आपल्या शिक्षक बंधुभगिनींनी पहिल्या वर्षी मुलाचे म्हणणे त्याच्या बोलीत ऐकून घ्यावे आणि मराठीत परत द्यावे. मराठी त्याने लवकर आत्मसात करावी यासाठीच हे आवश्यक आहे. चौथी, वडीलधाऱ्यांजवळ जी गाणी, म्हणी आणि शेतीचे शब्द आहेत, ते घरातील शिकलेल्या मुलांनी वहीत उतरून ठेवावेत, आणि आपल्या या स्मरणिकेची दोन पाने दरवर्षी त्यांसाठी राखावीत. यास खर्च फारसा नाही. वेळ मात्र द्यावा लागेल.

मराठी आपल्या राज्याची आणि ज्ञानेश्वर-तुकोबांची भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणांस इतर कोणाहून कमी अभिमान नाही. ती आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. हिंदीवाचून आपले सोयरे आणि आपला बाजार नाही. इंग्रजीवाचून वरची परीक्षा नाही. यांपैकी कोणतीही टाकावयास आम्ही सांगत नाही. घरची बोली मात्र या तिन्हींची वैरीण नसून त्यांची पहिली शिक्षिका आहे. तिच्यापाशीच मुलाने नियम शोधावयास, माणूस पाहून बोलावयास आणि चुकून सुधारावयास प्रथम शिकलेले असते. पहिल्या शिक्षिकेला घराबाहेर काढून पुढच्या शिक्षणाची आशा करणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार आपण सर्वांनी आपापल्या घरी जाऊन करावा, एवढी विनंती आहे.